कोळसा चाखणारी शेवंताबाई

शेवंताबाई कोळसा चाखायची. मी काही रंगवून सांगत नाही, या दोन डोळ्यांनी पाहिलंय. नोकरीच्या पहिल्याच दिवशी, सकाळी नऊ वाजता, प्रयोगशाळेच्या मागच्या दारातून डोकावले, तर पत्र्याच्या शेडखाली एक पंचावन्नच्या आसपासची बाई लोखंडी खलासमोर पाट टाकून बसलेली. डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि हेल्मेटवरून पदर. तिनं खलातून हरभऱ्याच्या डाळीएवढा कोळशाचा तुकडा उचलला, फुंकला, समोरच्या दातांखाली धरला आणि कचकन फोडला. डोळे मिटून दोन-तीनदा चावला, मग वळून थुंकली आणि स्वतःशीच म्हणाली, "रेती हाय. भल्ली रेती हाय याच्यात."

मी तेव्हा गोंदियाहून ताजी ताजी एम.एस्सी. होऊन आलेली. पदवी डोक्यात गेलेली, आणि जीभ तर जन्मापासूनच तिखट. मी तिथल्या तिथे सुरू झाले. अहो बाई, हे काय करता, यात काय काय असतं माहीत आहे का, गंधक असतं, शिसं असतं, आजारी पडाल. तिनं सगळं ऐकून घेतलं, पाण्याच्या बाटलीतून चूळ भरली आणि म्हणाली, "म्याडम, थुकते ना मी. गिळते थोडी! जय भीम. तुमी नव्या केमिस्ट ना? चाय घेसान का?" मला वाटलं होतं ती घाबरेल. तिनं थर्मास पुढे केला. चहा फर्मास होता, त्यामुळे पुढचं व्याख्यान राहून गेलं.

आमचा कारखाना बालाघाटहून भरवेलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मँगनीजचं खनिज फिरत्या भट्टीत भाजायचं हे आमचं काम, आणि त्या भट्टीला जळण म्हणून कोळशाची पूड लागते. पूड म्हणजे अगदी पिठासारखी, चिमटीत धरली तर बोटांना खडा लागता कामा नये. ती दळायला एक मोठं आडवं पिंप होतं, पोटात पोलादी गोळे घेऊन गरगर फिरणारं. सगळे त्याला मिल म्हणत. कोळसा कुठून कुठून यायचा, छिंदवाड्याकडून, कोरब्याकडून, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एक मिलमध्ये पडला की तासाभरात पीठ, दुसरा गोळ्यांनाच दमवणारा. नवा कोळसा कसा दळला जाईल हे आधी तपासून सांगणं हे माझं काम, आणि तपासणीसाठी त्याचा नमुना फोडून, चाळून देणं हे शेवंताबाईचं.

आता तिच्या त्या रेतीबद्दल. कोळसा जाळला की मागे राख उरते, आणि राख किती हे आम्ही टक्क्यांत सांगतो. पहिल्याच महिन्यात माझ्यासमोर दोन कोळसे आले, दोन्हींची राख अगदी सारखी. मी दोघांना एकाच मापात मोजलं. शेवंताबाईनं दोन्ही चावून पाहिले आणि मान हलवली. "नाई म्याडम. हा मातीवाला हाय, जिभेले चिकटते. हा रेतीवाला हाय, दाताले लागते. मातीवाला सिधा हाय, दळल्या जाईन. रेतीवाला गोळे खाईन." मी हसले. चाचणी केली तर तिचं सोळा आणे खरं. मला असा राग आला म्हणून सांगू! पाच वर्षं कॉलेजात कशात घालवली, असं वाटलं. कोळशात दगडाचा भाग किती हे मी प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीत जाळून सांगत होते, पण तो दगड चिकणमातीचा की वाळूचा, हे माझ्या भट्टीला कळतच नव्हतं.

ती तिरोडीची माहेरवाशीण. बाप खाणीत, नवरा भरवेलीच्या खाणीत, म्हणजे दगड फोडणं तिच्या घराण्यात. नवरा निवृत्त झाल्यावर घरी स्वयंपाक करायचा आणि तिला डबा द्यायचा. भाजीत मीठ जास्त झालं की ही शेडमध्ये बसून त्याचा उद्धार करायची आणि शेवटचा घास डबा पुसून खायची. शाळेत चौथीपर्यंत गेलेली. पण कोळशाचं एक ढेकूळ हातात घेतलं की त्यातले पट्टे बोटानं दाखवायची. हा काळा चकचकीत पट्टा, हा बिनचमकीचा राखाडी, हा हाताला काजळी लावणारा. "हे चमकते ना, हे पापड हाय. हात लावला का मोडला. अन् हे बिनचमकीचं, हे खारीक हाय. मारत राहा हातोडा, हाले ना डुले. एका ढेकळात दोघं बी राह्यतेत, जसे घरात सासू-सून." पुस्तकात याच गोष्टीला सात-आठ लांबलचक शब्द होते. ते मी पाठ केले होते आणि पापड-खारीक मात्र मला लगेच दिसली.

कोळसा ओला असला की ती नमुना घ्यायलाच तयार नसायची. "ओला कोळसा दळत नाई, लिपते," म्हणायची, आणि पत्र्यावर उन्हात पसरून कोंबड्या हाकलत बसायची. साहेब लोक घाई करायला आले की त्यांनाही हाकलायची, जरा वेगळ्या शब्दांत.

एक नियम मात्र ती मोडू द्यायची नाही. चाचणीला कोळसा ठरावीक जाडीचा लागतो, मोहरीएवढा म्हणा ना. तो मिळवायला नमुना खलात कुटायचा, चाळायचा, चाळणीवर जे जाड राहील ते परत खलात, परत कुटायचं, परत चाळायचं. असं करत करत सगळाच्या सगळा कोळसा चाळणीतून खाली उतरला पाहिजे. शेवटी शेवटी चाळणीवर जे पंधरा-वीस खडे उरतात, ते फोडता फोडता माणसाचा दंड भरून येतो. मी एकदा म्हटलं, "शेवंताबाई, एवढे चार खडे द्या टाकून, काय फरक पडतो?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कुणाच्या ताटातलं उचलून खाल्लं. "वरचा माल फेकाचा नाई, म्याडम. नरम तं आधीच उतरून गेला. मिलले जो त्रास देते तो वरचाच हाय. तो फेकला मंग तपासता कायले? घरीच बसा ना."

आता तिचा जावई. दिलीप त्याचं नाव, तिच्या लेकीचा, रत्नाचा नवरा, आणि तो त्याच मिलवर ठेकेदाराकडून लागलेला ऑपरेटर. कामाला चोख, बोलायला कमी. जावयासमोर सासूनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि थेट बोलायचं नाही ही तिच्या घरची रीत, आणि शेवंताबाईनं ती कारखान्यातही सोडली नव्हती. हेल्मेटवरचा तो पदर याच कारणानं. दिलीप तीन हातांवर उभा असायचा आणि ही मला सांगायची, "म्याडम, मिलवाल्याले सांगा, डबा घरी राह्यला त्याहिचा, रत्नानं पाठवला हाय." मी दिलीपकडे वळून म्हणायचे, "डबा आलाय." तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "बाईले सांगा, ठेऊन द्या म्हणा." माझी अर्धी नोकरी या टपालात जायची. पण त्याची पाठ वळली की ही म्हणायची, "मिलचा आवाज ऐकून सांगते तो पोट्टा, पोटात किती माल हाय ते. असा जवाई पाह्यला का कुठी?"

माझ्या नोकरीचे पाच महिने झाले होते, सहाव्याला कायम करणार होते. बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं, पोरगी कायमची साहेबीण झाली म्हणून. तेव्हाच शेवंताबाई तीन दिवसांच्या रजेवर लामत्याला गेली, भाचीच्या लग्नाला. आणि नेमका त्याच दिवशी नवा कोळसा आला. जुन्या खाणीकडचा पुरवठा थांबला होता, यार्डात चार दिवसांचाच माल उरला होता, आणि कारखान्याचे मॅनेजर दुबेसाहेब सकाळपासून तीनदा येऊन गेले. "मॅडम, शाम तक रिपोर्ट चाहिए. मिल की सेटिंग उसी पे करनी है."

मी पदर खोचून, म्हणजे ओढणी खोचून खलापाशी बसले. अर्ध्या तासात हाताला फोड आले. एकदा कुटलं, चाळलं, मधल्या जाडीचा कोळसा चाचणीला पुरेल एवढा निघाला होता. चाळणीवर मात्र बराच जाड माल उरला, कुटता कुटला जाईना. घड्याळात साडेचार. मी मनाशी म्हटलं, लागतो पन्नास ग्रॅम, मिळाला पन्नास ग्रॅम, आता कशाला मरायचं? वरचा सगळा माल कोपऱ्यातल्या घमेल्यात ओतला. उरलेला छोट्या चाचणी-गिरणीत घातला, आठ गोळे, साठ फेरे, बारीक चाळणी, वजन. आकडा आला चौसष्ट. हा आकडा जितका मोठा तितका कोळसा नरम. मी ऐटीत लिहिलं, कोळसा नरम आहे, मिलमध्ये तासाला पडणारा भरणा वाढवायला हरकत नाही. खाली झोकदार सही.

भरणा वाढवला गेला. दुसऱ्या दिवशी मिल बसली. म्हणजे असं, की नरम कोळसा झटकन पीठ होऊन निघून जायचा, टणक तुकडे आतच गोल गोल फिरत राहायचे, आणि वरून नव्या कोळशाचा मारा चालूच. होता होता पिंपाचं पोट टणक मालानंच भरलं, गोळ्यांना उडायला जागा उरली नाही, आणि मिलचा तो खणखणीत आवाज बसून गेला. दिलीपनं भरणा कमी केला, मिल सुटली. साहेबांनी येऊन परत वाढवला, परत बसली. भट्टी जळणाविना दोनदा थंड पडली. दुबेसाहेब मिलखाली उभे राहून ओरडले, "रिपोर्ट में साफ लिखा है कोयला नरम है. फिर मिल क्यों बैठ रही है? आदमी सो रहा है, और क्या!" दिलीप म्हणाला, "साहब, कोयला कड़क है, आवाज़ से समझता है." त्याच्या कानापेक्षा माझ्या सहीचं वजन जास्त पडलं. ठेकेदाराला निरोप गेला, शनिवारी या माणसाचा हिशोब करून टाका, सोमवारपासून दुसरा आणा. रत्नाला तेव्हा सातवा महिना लागलेला.

आणि मी? मला खरंच वाटलं की दिलीपचंच काहीतरी चुकतंय. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

गुरुवारी शेवंताबाई लग्नातले बुंदीचे लाडू घेऊन हजर. सगळ्या कारखान्यात वाटले, गेटवरच्या चौकीदारापासून दुबेसाहेबांपर्यंत. मग शेडमध्ये आली, पाट मांडला आणि तिची नजर कोपऱ्यातल्या घमेल्यावर गेली. "हे का हाय?"

"उरलेलं आहे," मी म्हटलं.

"कायचं उरलेलं?"

"त्या नव्या कोळशाचं."

तिनं त्यातला एक खडा खलात ठेवून हातोडा घातला. खडा टुणकन उडून पत्र्यावर आपटला, फुटला नाही. तिनं दुसरा घेतला. तोही तसाच. बिनचमकीचे, राखाडी, मध्ये मध्ये वाळूच्या दगडाचे पट्टे. तिनं हातोडा माझ्या पुढ्यात ठेवला. मला सगळं कळलं. हातातला लाडू मी तसाच बाजूला ठेवला.

"ये पोरी," ती म्हणाली. तोपर्यंत ती मला म्याडमच म्हणत असे. "जाय, यार्डातून नवा नमुना घेऊन ये. आता दोघी कुटू."

दोन तास कुटलं. ती एक ठोका, मी एक ठोका. शेवटचे खडे फुटेनात तेव्हा ती त्यांना शिव्या घालत होती, आणि मी रडत होते, घाम असल्याचं दाखवत. सगळा कोळसा खाली उतरला, चाळणी रिकामी झाली, तेव्हा चाचणी केली. आकडा आला त्रेचाळीस. चौसष्ट कुठे आणि त्रेचाळीस कुठे! मिल बसणार नाही तर काय करेल?

"आता का करतेस?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "माझी नोकरी जाईल, मावशी." मावशी कधी म्हणायला लागले ते मला कळलंच नाही.

"जाऊ बी शकते," ती म्हणाली. उगाच धीर द्यायची तिला सवय नव्हती. "मी कोनाले काई सांगत नाई. मी सासू हाव. जवायासाठी बोलून राह्यली म्हणतीन, कोनी खरं मानाचं नाई. तुही सही हाय, तूच पाह्य." आणि हात धुऊन चहाला गेली.

शुक्रवार गेला. मी नवा रिपोर्ट लिहून टेबलाच्या खणात ठेवला, काढला, परत ठेवला. बाबांचा फोन आला, तो घेतला नाही. दुपारी दिलीप स्वतः प्रयोगशाळेच्या दाराशी आला. म्हणाला, "म्याडम, तुमी साहेबाले एक बार सांगून पाहा ना. मी झोपत नाई हो मिलवर. सांजच्या पाळीले तं डबा बी उभ्यानं खातो." मी म्हटलं, सांगते. तो हात जोडून गेला. माझ्याच चुकीसाठी तो माझ्यापुढे हात जोडत होता! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी दोन्ही रिपोर्ट घेऊन दुबेसाहेबांच्या केबिनमध्ये शिरले. बसायच्या आधीच एका दमात बोलून टाकलं. नमुना मी केला, घाईत केला, वरचा टणक माल फेकला, आकडा खोटा आला, मिल माझ्यामुळे बसली, दिलीपची काही चूक नाही. 

दुबेसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी चष्मा काढला. "बैठिए. आपसे पहले शेवंताबाई आके गई है. सुबह आठ बजे."

मी म्हटलं, संपलं.

"बोलती है, साहब, सैंपल मैंने बिगाड़ा. ऊपर का माल मैंने फेंका, म्याडम को पता ही नहीं. निकालना है तो मेरे को निकालो." त्यांनी हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. शेवंताबाईच्या नावासमोर तीन दिवस लाल शाईत रजा. "तीन दिन औरत गाँव में थी, और सैंपल यहाँ बिगाड़ रही थी! अरे, शादी का लड्डू तो मैंने भी खाया है. तब से बैठा हूँ, देख रहा हूँ कि कौन आता है."

मग त्यांनी मला जे काही ऐकवलं ते सांगत नाही. बरंच होतं आणि सगळं बरोबर होतं. माझं कायम होणं सहा महिने पुढे ढकललं. दिलीपचा हिशोब थांबला, साहेबांनी मिलखाली जाऊन सगळ्यांसमोर त्याला "गलती हमारी थी" म्हटलं, आणि हे त्यांचं मी आजही मानते. मिलचा भरणा उतरवला, आत मोठे गोळे वाढवले, आणि तोच कोळसा मग गुमान दळला जायला लागला.

मी मात्र तिथून तडक शेडमध्ये. संतापले होते की हुंदका आला होता, माझं मलाच समजेना. "मावशी, खोटंच बोलायचं होतं तर नीट तरी बोलायचं! तुम्ही लामत्याला होता, हजेरीत लिहिलंय!"

तिनं कपाळावर हात मारला. "अव माय! हजेरीचं तं ध्यानातच नाई राह्यलं!" आणि जी हसत सुटली, जी हसत सुटली, हेल्मेट सरकून नाकावर आलं तरी थांबेना. "पह्यलीच बार खोटं बोलली वं मी साहेबासंग. अन् तेही वाया गेलं!" तिला बघून मीही हसले. दिलीप मिलवरून वाकून बघत होता, त्यालाही हसू आलं, पण ती समोर होती म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

त्यानंतर आम्ही दोघींनी चार वर्षं एकत्र काम केलं. मी तिच्याकडून कोळसा बघायला शिकले, चावायला नाही शिकले, माझे दात तेवढे चांगले नाहीत. रत्नाला मुलगी झाली, बारशाला मला पाळण्याशी उभं केलं. नवे केमिस्ट आले की मी त्यांना पहिल्या दिवशी खलापाशी बसवायचे, आणि दुपारच्या चहाला ही गोष्ट हमखास सांगायचे. सासूनं जावयाची नोकरी वाचवायला कसं खोटं बोलायचं ठरवलं आणि हजेरीनं कशी फजिती केली, असं. लोक पोट धरून हसायचे. तीही हसायची.

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. यार्डाजवळच्या लिंबाखाली छोटा कार्यक्रम झाला, शाल, श्रीफळ, समोसे. मला बोलायला लावलं, मी तीच गोष्ट सांगितली, आणि शेवटी म्हटलं, "जावयावर जीव टाकावा तर शेवंताबाईसारखा." टाळ्या पडल्या. दिलीप लाजून मिलकडे पळाला.

कार्यक्रम संपला. ती शाल खांद्यावर घेऊन गेटशी दिलीपच्या गाडीची वाट बघत उभी होती, मी सोबतीला. तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पोरी, तू दरसाल ते चुकीचं सांगते."

"काय चुकीचं?"

"जवायासाठी केलं म्हणतेस ते."

"मग कुणासाठी केलं?"

"आता पाह्य," ती मला समजावू लागली, खलापाशी बसून समजवायची तशी. "तुवा घमेल्यात माल टाकला, हे खरंच होतं का नाई? जवाईच वाचवाचा असता, तं घमेलं दाखवून साहेबाले तुहं नाव सांगतलं असतं ना मी. खोटं कायले बोललं असतं?"

 चार वर्षं मी ही गोष्ट सांगत होते, हातवारे करून, लोकांना हसवून, आणि एकदाही माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

दिलीपनं गाडी आणून उभी केली. ती शाल सावरून मागे बसली. मी कसंबसं विचारलं, "मग नाव का नाही सांगितलंत, मावशी?"

"अन् मंग तुहं का झालं असतं?" ती म्हणाली, हे काय विचारणं झालं अशा सुरात. मग माझ्याकडेच बघून म्हणाली, "मिलवाल्याले सांग बाई, गाडी हळू चालवा म्हणा."

मी सांगितलं. दिलीप "हौ" म्हणाला, आणि गाडी भरवेलीच्या रस्त्याला लागली. मी तिथेच उभी राहून रडले, चांगली हुंदके देऊन. चौकीदार खुर्चीवरून उठून विचारत होता, क्या हुआ मॅडम, क्या हुआ.